ख्रिस्तोफ हायमेनडॉर्फ : अशांत डोंगरांतील अभ्यासक

१९४० साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांनी गोळीबार केला. जंगलातील कसत्या जमिनीवर आपल्या लोकांचा हक्क सांगणारा गोंड पुढारी कुमराम भीम त्यात आपल्या काही साथीदारांसह मारला गेला. बंड मोडले, परंतु ते मुळात झाले कशामुळे, याचे उत्तर सरकारजवळ नव्हते. ते शोधण्याचे काम पुढे ज्याच्याकडे आले, तो मनुष्य त्या वेळी स्वतःच सरकारच्या देखरेखीखाली होता. ऑस्ट्रियात जन्मलेला, जर्मन पारपत्र बाळगणारा आणि त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेला हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ म्हणजे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ.

शांततेच्या काळात एखाद्या समाजात जाऊन राहणे, त्याची भाषा शिकणे, त्याचे सण, सोयरीक, शेती, देवदेवता यांची नोंद करणे हे मानववंशशास्त्राचे नेहमीचे काम. परंतु जेथे गोळी चालली आहे, गावे जाळली गेली आहेत किंवा एका टोळीचे दुसरीशी वैर धुमसत आहे, तेथे हेच काम निराळे रूप घेते. अशा मुलखात प्रवेश मिळतो तो सहसा संघर्षातील एखाद्या पक्षाच्या परवानगीने, आणि त्या परवानगीची सावली अभ्यासकाच्या प्रत्येक प्रश्नावर पडते. हायमेनडॉर्फ यांचे जवळजवळ सारे क्षेत्रकार्य अशाच सावलीत झाले. त्या सावलीतून त्यांनी काय साधले आणि काय त्यांच्या हातून निसटले, यातच त्यांच्या चरित्राचे खरे महत्त्व आहे.

२२ जून १९०९ रोजी व्हिएन्नातील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांचा अभ्यास करताना आग्नेय आशियाचे जाणकार रॉबर्ट हाइने-गेल्डर्न यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. आसाम आणि उत्तर ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, तोही भारतात पाऊल न ठेवता, केवळ ग्रंथालयांच्या आधारे. त्यानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले आणि ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांच्या चर्चासत्रांना बसू लागले. पुस्तके बाजूला ठेवून लोकांमध्ये जाऊन राहिल्याखेरीज समाज कळत नाही, हा मालिनोव्हस्कींचा आग्रह होता. लंडनमध्येच नागा टेकड्यांचे अनुभवी प्रशासक आणि स्वतः नागा जमातींवर ग्रंथ लिहिणारे जे. पी. मिल्स यांची ओळख झाली. १९३६ साली हायमेनडॉर्फ भारतात आले.

कोन्याक नागांच्या वाकचिंग या गावी त्यांनी मुक्काम ठोकला. गावाचे मोरुंग, म्हणजे तरुणांची सामुदायिक निवासस्थाने, ‘आंग’ या नावाने ओळखले जाणारे प्रमुख, पेरणी-कापणीचे विधी, प्रेतसंस्कार या साऱ्यांच्या नोंदी त्यांनी बारकाईने केल्या. वाकचिंग ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अमलाखाली होते आणि तेथे शत्रूची मुंडकी कापून आणण्याच्या प्रथेवर बंदी होती. अमलाबाहेरच्या डोंगरांत मात्र ती प्रथा चालू होती, गुलाम पकडून नेणेही चालू होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये पांगशा या बलाढ्य गावाला धडा शिकविण्यासाठी मिल्स यांच्या नेतृत्वाखाली आसाम रायफल्सच्या जवानांसह एक दंडात्मक मोहीम निघाली. शेजारच्या गावांवर हल्ले करून माणसे मारल्याचा आणि गुलाम नेल्याचा पांगशावर ठपका होता. या मोहिमेबरोबर हायमेनडॉर्फही गेले.

पांगशा जाळण्यात आले. परतीच्या वाटेवर पांगशाच्या योद्ध्यांनी केलेला हल्ला बंदुकांच्या बळावर परतविण्यात आला. मोहिमेत मिळालेली काही मुंडकी हायमेनडॉर्फ यांनी आपल्याबरोबर वाकचिंगला आणली आणि तेथे जे घडले ते कोणत्याही अभ्यासकाच्या वाट्याला क्वचितच येते. बंदीमुळे वर्षानुवर्षे न झालेले विजयाचे विधी कोन्याकांनी पुन्हा साजरे केले. पूर्वी ज्या सन्मानासाठी तरुणांना शत्रूचे शिर आणावे लागे, तो त्यांना या आयत्या मुंडक्यांच्या निमित्ताने मिळाला. या विधींची तपशीलवार नोंद हायमेनडॉर्फ करू शकले आणि गावात त्यांचा मानही वाढला.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द नेकेड नागाज’ या पुस्तकाने त्यांना नाव मिळवून दिले. मात्र पुस्तकातील मोहिमेचे वर्णन एखाद्या साहसप्रवासाच्या उत्साहाने केलेले आहे. जळणाऱ्या गावातील लोकांकडे लेखकाची नजर फारशी वळत नाही. एका नागा गावाच्या संस्कृतीचे ज्ञान मिळविण्याची किंमत दुसऱ्या नागा गावाने मोजली होती. पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी या प्रकरणावर टीका केली आणि ती अस्थानी म्हणता येत नाही. मोहिमेबरोबर जाणारा अभ्यासक ज्यांच्यावर चाल केली जाते त्यांच्याशी कधीच बोलू शकत नाही. पांगशाची बाजू त्या पुस्तकात नाही, याचे कारण तेच.

१९३८ साली त्यांचा विवाह एलिझाबेथ बार्नार्डो या इंग्लिश तरुणीशी झाला. बेट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी पुढील जवळजवळ पन्नास वर्षे डोंगरदऱ्यांतील प्रत्येक मुक्कामात पतीची साथ केली आणि स्वतःही उत्तम निरीक्षक म्हणून नाव मिळविले. त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ऑस्ट्रियन नागरिकांच्या हाती जर्मन पारपत्रे आली. पतिपत्नी भारतात आली आणि १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले. हायमेनडॉर्फ यांना ताब्यात घेण्यात आले. परंतु ओळखीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सदिच्छेमुळे छावणीत डांबण्याऐवजी त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मोकळीक मिळाली. सीमावर्ती नागा टेकड्यांकडे जाणे आता अशक्य होते. ही स्थानबद्धताच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ ठरली.

संस्थानाच्या हद्दीतच अभ्यासाला अफाट क्षेत्र होते. अमराबादच्या पठारावर कंदमुळे आणि शिकार यांवर जगणाऱ्या चेंचूंमध्ये हायमेनडॉर्फ पतिपत्नी राहिली. त्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातील कोंडा रेड्डींकडे त्यांनी मोर्चा वळविला. बांबू आणि लाकडाच्या ठेकेदारांनी या डोंगरी शेतकऱ्यांना कर्जात आणि अल्प मजुरीत कसे अडकविले होते, ते त्यांनी तेथे पाहिले. केवळ विधी आणि नातेसंबंध यांची टिपणे काढून भागणार नाही, सावकार, ठेकेदार आणि जंगल खात्याचा शिपाई हेही या समाजाच्या रोजच्या जीवनाचे घटक आहेत, ही जाणीव येथून त्यांच्या लेखनात दिसू लागते.

१९४१ पासून ते आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये वावरू लागले. एके काळी चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेची आठवण बाळगणारा हा समाज. गोतावळ्यांची बांधीव रचना, पेर्सा पेन हे कुळदैवत, पूर्वजांच्या कथा गाणारे परधान, दिवाळीच्या सुमारास रंगणारी दंडारी आणि मोरपिसांचे मुकुट घालून नाचणारे घुसाडी असे त्याचे समृद्ध सांस्कृतिक जीवन होते. उटनूर, आसिफाबाद या तालुक्यांप्रमाणेच आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुकेही तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत. परंतु हायमेनडॉर्फ पोहोचले तेव्हा या मुलखावर जोडेघाटच्या गोळीबाराची भीती पसरली होती. टोपीवाला परका मनुष्य दिसला की तो जंगल खात्याचा किंवा पोलिसांचाच असणार, असा लोकांचा समज असे आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

या भीतीवर एकच उपाय होता, तो म्हणजे दीर्घकाळ राहणे. हायमेनडॉर्फ पतिपत्नींनी मारलवाई या गोंड खेड्यात बिऱ्हाड केले. हायमेनडॉर्फ गोंडी शिकले, जत्रांना आणि लग्नांना जाऊ लागले, बैलगाडीच्या वाटांनी गावोगाव हिंडले. सरकारी चौकशी अधिकारी एका दिवसात पंचनामा करून जात असे. येथे मात्र ऋतूंमागून ऋतू तोच मनुष्य त्याच गावात दिसत होता. हळूहळू लोक बोलू लागले, आणि बंडाचे कारण कोणा एका माथेफिरूच्या डोक्यात नसून महसुलाच्या दप्तरात आहे, हे उघड होत गेले.

गोंडांची शेतीची रीत जमिनीला विश्रांती देणारी होती. काही वर्षे कसून हलकी जमीन पडीक ठेवायची, दुसरी कसायची आणि कालांतराने पहिलीकडे परतायचे. महसुली नियमांच्या लेखी पडीक टाकलेली जमीन म्हणजे सोडून दिलेली जमीन. तेवढ्यात जंगल राखीव करण्याचे धोरण आले आणि अशा जमिनी, कित्येकदा वस्त्यांसकट, राखीव हद्दीत गेल्या. दुसरीकडे रस्ते झाले, बल्लारशा-काझीपेट रेल्वेमार्ग झाला आणि बाहेरून जमिनीच्या शोधात आलेल्या शेतकऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि सावकारांचा ओघ वाढला. त्यांत तेलुगू भाषक होते, तसे वऱ्हाड-मराठवाड्याकडून आलेले मराठी भाषकही होते. पट्टा कसा करून घ्यावा, पटवाऱ्याला कसे सांभाळावे, अर्ज कोणाकडे द्यावा हे त्यांना ठाऊक होते. गोंडांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि कचेरीची भाषाही परकी होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे चढे आणि मूळ मालक तिच्यावर कूळ म्हणून किंवा मजूर म्हणून राही. जंगलातील वस्ती उठविली जाणे आणि दाद मागूनही ती न मिळणे यातूनच कुमराम भीमचा संघर्ष उभा राहिला, असा हायमेनडॉर्फ यांच्या शोधाचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष त्यांनी ज्या सरकारपुढे मांडला, त्याच सरकारच्या पोलिसांनी गोळी झाडली होती. येथे त्यांना एका अधिकाऱ्याची साथ लाभली. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे निजाम सरकारात महसूल खात्याचे प्रमुख म्हणून आले होते आणि अशा अहवालाचे मोल ते जाणत होते. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र आणि शाळा सुरू झाली. त्यासाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके तयार करण्यात आली, तीही देवनागरी लिपीत. या भागात मराठीचा वावर असल्याने ती सोयीची होती. हातात कागद पडला तर त्यावर काय लिहिले आहे हे गोंडाला कळले पाहिजे, हा त्यामागचा साधा व्यवहारी विचार. जंगलाच्या राखीव हद्दींची फेरतपासणी झाली आणि दशकाच्या अखेरीपर्यंत आदिलाबादमधील हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, असा दरबार भरविण्याची प्रथाही त्याच दशकात त्यांच्या पुढाकाराने पडली.

१९४४ साली युद्धाने त्यांच्या आयुष्याला पुन्हा वळण दिले. जपानी फौजा कोहिमापर्यंत येऊन धडकल्या होत्या आणि ईशान्य सीमेवरील अज्ञात मुलखाची माहिती भारत सरकारला तातडीने हवी होती. पाच वर्षांपूर्वी शत्रुराष्ट्राचा म्हणून स्थानबद्ध झालेल्या या माणसाची त्याच सरकारने सुबनसिरी भागात विशेष अधिकारी म्हणून नेमणूक केली. आजच्या अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानींची सात गावे अतिशय निगुतीने भातशेती करीत होती. भोवतालच्या डोंगरांतील निशींशी त्यांचा व्यापार चाले, तसेच वैरही चाले. माणसे आणि मिथुन पळवायचे, खंडणीसाठी कैदी लाकडी खोड्यात अडकवून ठेवायचे, मध्यस्थांकरवी महिनोन्‌महिने घासाघीस करायची, असा हा प्रकार होता. हायमेनडॉर्फ यांनी कैद्यांच्या सुटकेसाठी मध्यस्थी केली, तडजोडी घडवून आणण्याचा प्रयत्न केला आणि त्याच वेळी वैराचे नियमही नोंदविले. नागा टेकड्यांतील मोहिमेत ते एका बाजूबरोबर चालून गेले होते. येथे ते दोन्ही बाजूंच्या घरांत बसत होते. दोन्ही वेळी त्यांच्या पाठीशी सरकारच होते, पण आठ वर्षांत त्यांच्या नजरेत पडलेला हा फरक लक्षणीय आहे.

१९४५ मध्ये ते हैदराबादला परतले. निजाम सरकारचे आदिवासी आणि मागास वर्गांविषयीचे सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती. हा काळही शांत नव्हता. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. अशा धामधुमीतही जमीनवाटपाचे आणि शाळांचे काम चालू राहिले. १९४३ ते १९४८ या काळात चेंचू, रेड्डी आणि राजगोंड यांच्यावरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९४५ चे ‘ट्रायबल हैदराबाद’ हे अहवालांचे संकलन आकाराने लहान असले तरी परिणामाच्या दृष्टीने त्यांत अग्रस्थानी आहे.

याच काळात आदिवासींच्या भवितव्याविषयी देशात मोठा वाद चालू होता. मालवणला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा घडविणारे प्रा. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आदिवासींना वेगळे ठेवून जपण्याच्या विचारावर कडाडून टीका केली. त्यांचा मुख्य रोख व्हेरिअर एल्विन यांच्यावर होता. परंतु हायमेनडॉर्फ हेही संरक्षणवादी पक्षाचेच मानले जात. आदिवासी इतर समाजापासून कधीच तुटलेले नव्हते, हा घुर्ये यांचा मुद्दा आदिलाबादलाही लागू पडणारा होता. मात्र त्या संपर्कात जमीन कोणाकडून कोणाकडे जाते, हा हायमेनडॉर्फ यांचा प्रश्न त्याने निकालात निघत नव्हता.

१९४९ साली ते लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’ या संस्थेत गेले, १९५१ मध्ये प्राध्यापक झाले आणि तेथील मानववंशशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. नेपाळची दारे परदेशीयांना नुकतीच उघडली होती. १९५३ पासून तेथे जाऊन त्यांनी शेर्पांवर महत्त्वाचे काम केले. अॅलन मॅकफार्लेन यांच्यासारखे नामवंत अभ्यासक त्यांचे विद्यार्थी. १९७० मध्ये ते पुन्हा कोन्याकांकडे गेले. मधल्या काळात नागा टेकड्यांनी सशस्त्र बंड आणि लष्करी कारवाई यांची होरपळ सोसली होती आणि १९६३ मध्ये नागालँड हे राज्य झाले होते.

निवृत्तीनंतर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ते बेट्टींसह आदिलाबादला आले. जे दिसले ते क्लेशकारक होते. ज्या जमिनींचे पट्टे त्यांच्या डोळ्यांदेखत गोंडांच्या हाती पडले होते, त्यांतील कितीतरी पुन्हा परक्यांकडे गेल्या होत्या. आदिवासींची जमीन इतरांना घेण्यास बंदी करणारा कायदा आंध्र प्रदेशात होता, १९७० मध्ये तो अधिक कडकही झाला होता. परंतु अंमलबजावणीत पळवाटा होत्या. हा सारा ताळेबंद त्यांनी ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या १९८२ च्या ग्रंथात मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, आदिलाबादमधील इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा होता. प्रत्यक्षात संख्या कितीतरी अधिक असल्याचे इतरांचे म्हणणे होते. जोडेघाटला चाळीस वर्षे उलटली होती. सरकार बदलले होते, राज्य बदलले होते. गोळीबाराचे कारण मात्र हायमेनडॉर्फ यांनी चाळीसच्या दशकात लिहून ठेवले होते तेच राहिले.

अभ्यासकाचा अहवाल सत्तेला योग्य वेळी मिळाला आणि तिची ऐकण्याची तयारी असली तर पट्टे वाटले जातात, शाळा उघडतात. ती तयारी सरली की तोच अहवाल कपाटात जातो. या मर्यादेची पुरेपूर जाणीव हायमेनडॉर्फ यांना उतारवयात झाली होती, हे त्यांच्या शेवटच्या ग्रंथांतून दिसते. परंतु आपण काम केलेल्या मुलखाकडे तीन दशकांनी परत जाणे, स्वतःच घडविलेल्या सुधारणांची पडझड मोजणे आणि ती छापून जाहीर करणे हे फार थोड्यांनी केले आहे. पांगशाच्या मोहिमेत सामील झालेला तरुण आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर गोंडांच्या गमावलेल्या शेतांचा हिशेब मांडणारा वृद्ध यांच्यामधले अंतर त्यांनी असे कापले.

जानेवारी १९८७ मध्ये हैदराबाद येथे बेट्टींचे निधन झाले आणि त्यांना मारलवाईत विसावा देण्यात आला. ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये हायमेनडॉर्फ यांनी देह ठेवला. कालांतराने त्यांच्या अस्थीही मारलवाईला पत्नीच्या समाधीशेजारी आणण्यात आल्या. त्यांच्या रोजनिशा, छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या संग्रहात आहेत. इकडे तेलंगण राज्य झाल्यानंतर, २०१६ मध्ये, जुन्या आदिलाबादमधून निघालेल्या एका जिल्ह्याला कुमराम भीम याचे नाव देण्यात आले. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबा जत्रा भरते, गंगाजलाची घागर घेऊन मेसराम कुळातील लोक येतात आणि जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबारही बसतो. त्या दरबारात गोंड आपली गाऱ्हाणी घेऊन उभे राहतात, आणि त्यांत जमिनीचे गाऱ्हाणे अजूनही असते.